कोमट

त्राव्निकच्या डोंगरावरून बर्फ अजून पुरतं उतरलं नव्हतं.
पहाटेची नमाज आटोपून
हास्निया मावशी चटईची घडी घालत होती,
तेव्हा दारावर थाप पडली.
त्या वेळच्या थापेला ती ‘कोण?’ विचारत नाही.
‘कोणाकडे?’ विचारते.

फाहिराकडे.

मावशीनं घडी उलगडली, पुन्हा घातली.
मग म्हणाली, कापूर घे. जाड टॉवेल घे.
आणि केस नीट बांध, गळतात.

फाहिरा कोण, हे आमच्या गल्लीत मांजरांनाही ठाऊक.
युद्धातल्या दुसऱ्या हिवाळ्यात
तिनं मावशीचं शिलाईयंत्र नेलं होतं,
पोराचा कोट शिवायचाय, आठ दिवस फक्त,
आणि पिठाच्या दोन गोण्यांवर विकून टाकलं.
वर म्हणाली, कसलं यंत्र?
मावशी तेव्हापासून इस्पितळाच्या धोबीखान्यात.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी.
पावाच्या रांगेत दोघी पुढेमागे असायच्या,
आणि मागची पुढचीच्या ओढणीवरची नक्षी
पाठ करत उभी असायची.

खोलीत फळी होती, फळीवर ती.
बेंबीपासून गुडघ्यापर्यंत कापड.
एवढीशी झाली होती.
मी तांब्या भरून पुढे केला.
मावशीनं पाण्यात मनगट बुडवलं.
गार आहे, म्हणाली.
मी म्हटलं, मावशी, तिला काय कळतंय आता?
मला कळतंय ना.

मी पुन्हा चुलीवर ठेवलं.

उजवी बाजू आधी. मग डावी.
बोटांच्या बेचक्या, कानामागचं,
नखांखाली अडकलेलं कालचं कणीक.
मावशीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.
अंगठ्यापाशी आल्यावर हात थांबले.
सुईची जुनी खूण होती तिथे,
यंत्राची सुई बोटातून गेली की उठते तशी.
म्हणजे कोट शिवला होता तर. आधी शिवला होता.

मावशी उठली. बाहेर गेली.
खिडकीतून मला दिसत होती, अंगणातल्या नळापाशी:
हात धुतले, चूळ भरली, तोंड, कोपरापर्यंत बाह्या,
डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय.
बर्फाच्या पाण्यानं वजू, या वयात, दुसऱ्यांदा.
परत आली तेव्हा हनुवटीवरून थेंब गळत होते
आणि माझा तांब्या निवला होता.
तिनं मनगट बुडवलं.
काही बोलली नाही. मीच उचलून चुलीवर नेला.

शेवटच्या पाण्यात कापूर.
केसांच्या दोन वेण्या, छातीवर आडव्या.
वेणी मावशी फार सैल घालते,
ओढ बसू नये म्हणून.
पाच पांढरी कापडं, एकावर एक,
बोटांनी सुरकुती काढत,
धोबीखान्यात काढायची तशीच.

लेकीनं दारात लिफाफा पुढे केला.
मावशीनं तो तिच्याच मुठीत मिटवला
आणि साबणाची उरलेली वडी तेवढी पिशवीत टाकली.

उतारावर मी विचारलंच. माफ केलंस?
पुलापर्यंत उत्तर नाही.
पुलावर दम घ्यायला थांबली, म्हणाली, नाही गं. अजून नाही.
मग?
मग काय. पाणी कोमट होतं ना?

खाली लाश्वा नदी बर्फाचं गढूळ पाणी घेऊन चालली होती.
रोज पाच वेळा कपाळ टेकते मी, मावशी म्हणाली,
चाळीस वर्षं झाली. मला वाटायचं, मन मऊ होईल.
मन काही झालं नाही.
हात झाले थोडेसे.

दुपारी बेकरीत बायका जमल्या होत्या.
कशी दिसत होती? अंगावर काही होतं का?
म्हणतात ना, नवरा मारायचा.
मावशीनं दोन पाव मागितले, सुटे पैसे मोजले.
मग सगळ्या माझ्याकडे वळल्या,
मी लहान, मी नवी, माझ्या पोटात काय राहणार.

डाव्या बरगडीखाली जे होतं
ते मलाही दिसलं होतं.

पाव गरम होता. मी पिशवीचं तोंड बांधत राहिले.